हेमाचा फोटो हललेलाच येणार

फोन आला तेव्हा मी शांती नगरात, आमच्या गल्लीच्या तोंडाशी, भाजीवाल्याशी हुज्जत घालत होते. फोन सुरेशचा होता. सुरेश म्हणजे माझी मैत्रीण हेमा, तिचा मोठा भाऊ. तो मला एरवी कधी फोन करत नाही. "शालूताई, हेमा गेली. सकाळी चहा गाळता गाळता खाली बसली, ती उठलीच नाही," एवढंच तो बोलला. मी "बरं" म्हणाले. खरंच, "बरं" असंच म्हणाले. मग भाजीवाल्याला "भैया, ये कडकवाली भिंडी निकालो" असं बजावून भेंडी घेतली, घरी आले, धुतली, पुसली, चिरायला बसले. अर्धी चिरून झाली तेव्हा कुठे डोक्यात शिरलं की आपल्याला मुर्ध्याला, हेमाच्या घरी, जायचंय. तशीच उठले आणि रिक्षा पकडली. त्या दिवसापासून एका जागी बूड टेकवणं म्हणून मला जमलेलं नाही. हे लिहितानासुद्धा मी सारखी उठतेय, गॅस बंद आहे ना बघतेय, खिडकी उघडतेय, लावतेय...

मुर्ध्याला त्यांच्या घराबाहेर स्कूटरच स्कूटर लागल्या होत्या. हेमा बायकांना स्कूटर शिकवायची. साठीला टेकलेली ही बाई पंजाबी ड्रेस, पायात कॅनव्हासचे बूट अशा अवतारात एखाद्या घाबरलेल्या सुनेच्या मागे कॅरियर धरून धावताना भाईंदरात कुणी ना कुणी पाहिलेली असणारच. तिच्या हाताखालून गेलेल्या गुजराती, मारवाडी, उत्तरेकडच्या, आमच्या रत्नागिरीकडच्या अशा सगळ्या बायका त्या दिवशी आपापली गाडी स्वतः चालवत आल्या होत्या. त्यातली एक रडत रडत मला सांगत होती, "दीदी बोलती थी, नीचे मत देखो, रास्ता नीचे नहीं है." मला रडू आलं नाही. मला राग आला होता. कुणाचा ते मात्र कळत नव्हतं.

खरा घोळ झाला तो बाराव्याला. फ्रेममध्ये लावायला हेमाचा धड असा एक फोटो कुणाकडे निघेना. आजकाल ज्याच्या त्याच्या मोबाइलमध्ये हजार फोटो असतात हे मान्य, पण कुणी मोबाइल उगारला की हेमा एक तर बाजूला पळायची, नाहीतर स्वतःचा तो प्लास्टिकचा कॅमेरा तोंडापुढे धरायची. घरातल्या लग्नाकार्यांच्या फोटोंत तिची पाठ होती, कोपर होतं, ओढणीचं टोक होतं. शेवटी सुरेशने बिचाऱ्याने आधार कार्डावरचा फोटो स्टुडिओत नेला. स्टुडिओवाल्याने तो मोठा केला, मागे आकाशी रंग टाकला, तिला चांगली दोन-चार छटा उजळ केली आणि संगणकावरच जरीकाठाची साडी नेसवली. उद्देश चांगला होता, मी नाही म्हणत नाही. पण हेमाच्या आईने, म्हणजे आमच्या मावशींनी, ती फ्रेम हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, आणि विचारलं, "ही कोन?"

"आयो, हेमा ना ती," सुरेश म्हणाला.

"ही माजी हेमा न्हाय. ही कुनाची तरी बायको हाय." हेमाने लग्न केलं नव्हतं. मावशींनी फ्रेम भिंतीकडे तोंड करून ठेवून दिली आणि तिच्यापुढे दिवा लावू दिला नाही. भटजी, सोयरे, शेजारी सगळ्यांसमोर! सुरेश ओशाळला. मला मात्र त्या क्षणी म्हातारीचा इतका आधार वाटला म्हणून सांगू.

पण ते नुसतं हट्टाचं प्रकरण नव्हतं. नंतर एक दिवस मी गेले तेव्हा मावशी दारापुढच्या ओट्यावर बसल्या होत्या. जरा बसल्या की उठायच्या, दारापर्यंत जायच्या, परत यायच्या. माझा हात धरून हळूच म्हणाल्या, "शालू, तिचं तोंड आठवंना गं. सकालपासून आठवतंय, येत न्हाय. आवाज येतो, चालनं येतं, तोंडच न्हाय येत... तुजेकडं यायची ना ती फोटू धुवायला? तुजेकडं आसंल. बघ ना." डोळ्यांनी आधीच अधू झालेली ही बाई, पोटच्या पोरीचा चेहरा मनातूनही निसटत चाललाय म्हणून घाबरली होती. मी "आणते" म्हणून शब्द दिला आणि घरी आले. मग माळ्यावरून निगेटिव्हांचे खोके खाली काढले तेव्हा लक्षात आलं की आपण काय बोलून बसलोय.

हेमा मला भेटली तीच मुळी एक्स-रेमुळे. माझी सगळी नोकरी एका दवाखान्याच्या एक्स-रे विभागात गेली. डिजिटल यंत्रं येण्याआधी आम्ही फिल्म हातांनी धुवायचो, अंधाऱ्या खोलीत, लाल दिव्यात. माणसं यायची, मी म्हणायची "श्वास रोखा, हलू नका", माणसं रोखायची, मी खटका दाबायची. हेमा खोकला घेऊन आली होती. हलू नका म्हटलं की हलायची. एकदा म्हणे नाकावर माशी बसली, एकदा हसू आलं, एकदा "वरचा तो पाइप कसला?" म्हणून मान वर केली. फिल्म फुकट गेल्या म्हणून मी चांगली फैलावर घेतली तिला. तर ही बया खोकत खोकत विचारते, "ते आत अंधारात काय करता हो तुम्ही? मला बघू दे ना." नियमात बसत नव्हतं. तरी बघू दिलं. ट्रेमधल्या पाण्यातून तिच्याच फासळ्या हळूहळू वर येताना पाहून ती इतकी गप्प झाली, तितकी गप्प मी तिला पुन्हा कधी पाहिली नाही. गप्प झाली तीही मिनिटभरच.

कॅमेरा पुष्कळ नंतर आला. भाईंदर पूर्वेला स्टेशनजवळचा एक फोटो स्टुडिओ बंद होत होता, त्याच्या भंगारात तिला तो सापडला. सोबत मुदत संपलेल्या रोलांचा एक खोका. कॅमेरा कसला, खेळणंच. अंग प्लास्टिकचं, भिंगही प्लास्टिकचं, वजन रिकाम्या डब्याएवढं. फोकस करायचा म्हणजे भिंगावरच्या चित्रांपैकी एक निवडायचं: एक माणूस, थोडी माणसं, घोळका, नाहीतर डोंगर. मागचं झाकण नीट बसत नसल्यामुळे फटीतून उजेड आत शिरायचा, म्हणून त्यावर काळी चिकटपट्टी लावलेली. आणि सगळ्यात मोठी गंमत म्हणजे खटका वेगळा नि रोल पुढे सरकवायचं चाक वेगळं. चाक फिरवायला विसरलात की आधीच्या फोटोवरच पुढचा फोटो. विसरलात तर! हेमा मुद्दाम विसरायची.

पहिला रोल घेऊन ती आमच्याकडे आली तेव्हा मी निवृत्त झाले होते आणि हात शिवशिवत होते. बाथरूमच्या खिडकीला काळा कागद लावला, बादल्या मांडल्या, फिल्म धुवायची औषधं, डेव्हलपर-फिक्सर, आणली. आमचे हे टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर येरझाऱ्या घालत होते. त्या दिवसापासून त्यांनी आंघोळीची वेळ हेमाला विचारून ठरवायला सुरुवात केली. रोल निघाला तो असा, की मी कपाळाला हात लावला. कडेने पांढरे ओघळ, मध्ये अंधूक, एकात एक मिसळलेलं. "वाया गेला गं सगळा," मी म्हटलं. हेमा ओली पट्टी उजेडाला धरून नाचत होती. "वाया काय वाया! बघ ना शालूताई, आयोच्या अंगातून मिठागर चाललंय!" खरंच, मावशी ओट्यावर बसल्या होत्या आणि त्यांच्या पदरातून मिठाचे ढीग रांगेने पलीकडे जात होते. मी मान्य केलं नाही. आजारी माणसाचा असा एक्स-रे मी काढला असता तर डॉक्टरांनी मला घरी बसवलं असतं, असं म्हणाले.

मिठागर तिच्या बापाचं. म्हणजे बाप राबत होता तोवरचं. आता तिथे खारफुटीचं खाजण माजलंय आणि कुठेतरी एखाद्या खड्ड्यात पाणी आटून दाट होत राहतं. त्या पाण्याचं हिच्या डोक्यात काय आलं कोण जाणे. कोरा रोल अंधारात उलगडायचा, त्या दाट खाऱ्या पाण्यातून काढायचा, पंख्याखाली वाळवायचा, पुन्हा गुंडाळून कॅमेऱ्यात घालायचा. मी ओरडले, मीठ फिल्मला खातं, लोखंडाला खातं तसं. तर म्हणाली, "अगं, टेन्शन काय घेतेस? बिघडायलाच तर घेतलाय. आणि बापाचं पाणी आहे, बिघडवलं तर बिघडवू दे की." कधी पूर्ण रोल गळून जायचा, हाताला नुसता चिकट थर लागायचा. कधी कॅमेऱ्याचं चाकच अडकून बसायचं. आणि कधी मात्र खाडीच्या आकाशात असे डाग उमटायचे की दोघी बाथरूमच्या उंबऱ्यावर बसून बघतच राहायचो. तेव्हाही ती फार वेळ बसायची नाही. "चल, पुढचा घालू," म्हणून उठायची.

तिच्या मागे स्कूटरवर बसून मी वरसावे पुलापर्यंत गेलेय. घोडबंदर रस्त्यावर गाड्या तुंबल्या होत्या, नेहमीसारख्याच. लोक हॉर्न वाजवत होते, शिव्या देत होते. हेमाने स्कूटर कडेला लावली, कॅमेरा कठड्यावर ठेवला आणि चाक न फिरवता, गाड्या जरा सरकल्या की एक खटका, पुन्हा सरकल्या की पुन्हा एक. मी वैतागून म्हटलं, "हे काय चाललंय? एक नीट फोटो काढ आणि चल." तेव्हा ती जे बोलली ते मला लागलं होतं, अजूनही लागतं. म्हणाली, "तू जन्मभर माणसांना थांबवून त्यांची हाडं बघितलीस शालूताई. हाडं सगळ्यांची सारखीच." मी म्हटलं, सारखी नसतात. आणि खरंच नसतात. पण ती काय म्हणत होती ते मला कळलं होतं, आणि कळलं होतं म्हणूनच परतीच्या वाटेत मी तिच्याशी बोलले नाही. तिला पत्ता नव्हता. ती गाणं म्हणत गाडी हाकत होती.

तर हे असं सगळं त्या खोक्यांत भरलेलं. दिवसच्या दिवस मी ते उजेडाला लावून पाहत होते. दवाखान्याने मोडीत काढलेली, एक्स-रे लावून बघायची दिव्याची पेटी माझ्याकडे आहे, तिच्यावर एकेक पट्टी ठेवायची. मुर्धे होतं, खाडी होती, मावशी होत्या, शिकाऊ बायका होत्या, मीसुद्धा होते, तोंड वाकडं करून. हेमा नव्हती. असणार कशी? कॅमेऱ्यामागे तीच. मला तिची इतकी चीड आली... एवढे रोल नासले, त्यात स्वतःचा एक चेहरा ठेवता आला नाही बाईला? आईसाठी तरी? मी मावशींना तोंड दाखवायला जायचंच टाळू लागले. फोन आला की "बघतेय अजून" म्हणायची.

शेवटी गेलेच. रिकाम्या हाताने. मावशींनी दाराच्या मागे खुंटीला लटकलेला कॅमेरा काढून माझ्या मांडीवर ठेवला. "ह्यो तू ने. तिची वस्तू हाय, हितं दिसली की मी उगाच वाट बघते." मागच्या लाल काचेतून कितवा फोटो तो आकडा दिसत होता. आत रोल होता, आणि तो संपलेला नव्हता.

दुपारी घरी कुणी नव्हतं. बाथरूममध्ये अंधार केला आणि रोल उलगडायला घेतला, तेव्हा हात थांबले. हा खाऱ्या पाण्यातला की साधा? साधा असेल तर सरळ डेव्हलपर. खारा असेल आणि सरळ डेव्हलपरमध्ये टाकला, तर जे काही आहे ते गळून मोरीत जाणार. तिला विचारायची सोय नाही. अंधारात मी फिल्मच्या पाठच्या कागदाचं टोक जिभेला लावलं. खारट लागलं. माझ्या डोळ्यांतलं नव्हतं ते, हेमाच्या बापाचंच होतं. मग मी ती पट्टी साध्या पाण्यात ठेवली, पाणी बदललं, पुन्हा बदललं, बोटांची चरचर जाईपर्यंत. मग कुठे डेव्हलपरमध्ये सोडली.

रोल निघाला. बरंच गळालं होतं, काही उरलं होतं: खाजण, कुणाचं तरी हेल्मेट, वरसाव्याचा पूल तिरका. आणि शेवटची चौकट इतकी दाट की आरपार काही दिसेना. एरवी मी ती कापून टाकली असती. दिव्याच्या पेटीवर ठेवली, डोळा टेकवला, आणि सावकाश दिसायला लागलं. मुर्ध्याच्या घराचं दार, आतला काळोख. फोटो खालून काढलेला, ओट्यावर बसलेल्या माणसाने, कॅमेरा मांडीवर धरून, थोडा कलता. आणि दारात हेमा. एक नव्हे, पुष्कळ. हेल्मेट काढणारी हेमा, तिच्यातून वाकून बूट घालणारी हेमा, तिच्यावर कप धरलेली, मागे वळून बोलणारी, हात उडवणारी, हसणारी. कुणीतरी खटका दाबत गेलं होतं आणि चाक फिरवायचं असतं हे त्या माणसाला कुणी सांगितलंच नव्हतं. मावशींशिवाय कोण? आणि हेमाने मुद्दामच सांगितलं नसणार, हे मी पैजेवर सांगते. मी तिथेच फरशीवर बसून मोठ्याने रडले. आमचे हे आले, त्यांनी पाहिलं आणि स्वयंपाकघरात चहा टाकला.

पेटीवरच्या निगेटिव्हचा मोबाइलने फोटो घेतला आणि भाईंदरच्या स्टुडिओत नेला. पोरगेलासा स्टुडिओवाला बघून म्हणाला, "आंटी, ये तो खराब आया है. एक फेस रखता हूँ, बाकी हटा देता हूँ." आणि मी काही म्हणायच्या आत त्याने ते केलंही. बटणं दाबली, यंत्राने कुठून कुठून गोळा करून एक हेमा बनवली. स्वच्छ चेहरा, डोळे, नाक, ओठ, सगळं ठाकठीक. मी बघत राहिले. हेच तर मागितलं होतं मावशींनी, तोंड! मी जन्मभर जे काढत आले तसं, अगदी न हललेलं. "मस्त है ना?" तो म्हणाला. मी "हो, दे" म्हणायच्या अगदी बेतात होते. पण तो चेहरा माझ्याकडे बघत होता, शांतपणे बघतच होता, आणि हेमाने कुणाकडे इतका वेळ बघितलं असेल असं मला आठवेना. "नहीं भैया," मी म्हटलं, "जैसा है वैसाही निकालो. बडा निकालो." तो म्हणाला, "लेकिन आंटी, इसमें चेहरा कहाँ है?" त्याचंही चुकलं नव्हतं. फ्रेम मांडीवर धरून मी मुर्ध्याच्या रिक्षात बसले. ज्या म्हाताऱ्या बाईला चेहरा हवा होता तिच्यासाठी मी धूर घेऊन चालले होते.

मावशींनी फ्रेम मांडीवर घेतली. मी उभीच होते. सुरेशही दारात येऊन थांबला. मग त्यांनी काचेवर बोट ठेवलं. "हितं हेल्मेट काढते." बोट जरा सरकलं. "हितं चिडलीय माजेवर, चाय गोड केली म्हनून." पुन्हा सरकलं. "हितं तुजंच सांगत व्हती कायतरी. शालूताईचं तोंड बघ, म्हनली." सुरेशला काही दिसत नव्हतं, तो डोळे बारीक करून वाकला होता. मलाही यातलं अर्धंच दिसत होतं. मावशींना सगळं दिसत होतं. "मी बटन दाबत व्हती," त्या म्हणाल्या. "ती बोलली, आयो, तू दाबत रा, मी माजं काम करते. मी दाबत रायली... आलं गं शालू. आलं बघ तोंड."

सुरेशने खिळा ठोकला, फ्रेम टांगली, दिवा ठेवला. पिशवीतून त्याने चंदनाच्या चकत्यांचा नवा हार काढला, उलगडला आणि फ्रेमकडे हात उंचावला.

"हार नको घालू रं," मावशी म्हणाल्या. "अडकंल ती."